तामलवाडीची भट्टी : एका भोजनाचे रसग्रहण

नाटक पडले तर दुसऱ्या दिवशी चार माणसे लिहितात. कादंबरी फसली तर चार वर्षे लिहीत राहतात. जेवण फसले तर मात्र मराठी माणूस हात धुतो, बडीशेपेची चिमूट तोंडात टाकतो आणि गाडीत बसून दार लावून घेतल्यावरच काय ते बोलतो. ह्याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. अन्नाला नावे ठेवू नयेत हा आपल्या घरचा दंडक आहे, आणि घरापुरता तो योग्यच आहे. चुलीपुढे बसलेली बाई मोबदला घेत नसते. तिच्या आमटीत मीठ कमी पडले तर ते गुपचूप वरून घ्यावे, बोभाटा करू नये. परंतु जिथे फलक लावून, दिव्यांच्या माळा सोडून, किंमत छापून अन्न मांडले जाते तिथे हा दंडक चालत नाही. ते अन्न म्हणजे तिकीट लावून केलेला प्रयोग आहे, आणि तिकीट काढणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे. त्या हक्काने हे चार शब्द.

प्रयोगाचे स्थळ तामलवाडी. सोलापूरहून तुळजापूरला जाताना जिल्ह्याची हद्द ओलांडली की साधारण अर्ध्या वाटेवर हे गाव लागते. पूर्वी ह्या रस्त्यावर चहा, भजी आणि फार तर उसळ-पाव ह्यांचीच वस्ती होती. गेल्या दशकात रस्ता चौपदरी झाला, टोलनाका आला, आणि थांबणाऱ्या गाड्यांच्या मागोमाग मोठमोठी भोजनगृहे आली. त्यांतल्याच एकाविषयी हे लिहिणे आहे. नाव सांगत नाही, कारण नाव महत्त्वाचे नाही; तशाच पाट्या, तशीच लाल-काळी रंगसंगती आणि तसेच पदार्थ घेऊन त्याची भावंडे धुळ्यापासून विजापूरपर्यंत उभी आहेत. त्याच्या नावात ‘ग्रिल’ हा शब्द आहे, एवढे पुरे. आमच्या मातोश्रींनी तो शब्द ऐकून, “खिडक्यांच्या जाळ्या मिळतात काय रे इथं?” असे विचारले होते. त्यांचे वय एक्याऐंशी. आमच्या भागात ग्रिल म्हणजे लोखंडी जाळी, आणि ती फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळते, हे त्यांचे ज्ञान बिनचूक आहे.

प्रसंग साधा होता. गेल्या पौषात, शाकंभरीचे नवरात्र उरकल्यावरच्या रविवारी, देवीचे दर्शन करून आम्ही अकरा माणसे परतत होतो. पुतण्याला पुण्यात नोकरी लागली होती, आणि पहिल्या पगारातून घरच्यांना जेवू घालायचे हे त्याने मनाशी धरले होते. “आजी, आज तू काय मागशील ते,” असे तो तुळजापूरच्या घाटापासून म्हणत होता. वाचकांच्या ध्यानात येईल की ह्या जेवणावर किती ओझे होते! एरवी फसलेले जेवण म्हणजे फुकट गेलेले पैसे; इथे पोराची हौस पणाला लागली होती.

आता मूळ विषयाकडे येण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. असल्या ठिकाणी निराशा झाली की आपल्यातले जुने लोक चटकन म्हणतात, “हे पंजाबी खूळ आपलं नव्हेच.” हा आक्षेप टिकणारा नाही. निखाऱ्यावर भाजलेले मांस ह्या मातीला परके नाही. तामलवाडीपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण हे चालुक्यांचे कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर ह्याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने हत्ती कसे पारखावेत इथपासून जेवावे काय इथपर्यंत सगळे त्यात आहे, आणि त्याच्या अन्नभोगाच्या भागात सळईला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसखंडांचे वर्णन आहे. त्याला तिथे ‘भडित्रक’ म्हटले आहे. (महाराष्ट्रात बायका कांडताना ओव्या गातात, हा मराठी मनाला प्रिय असलेला उल्लेखही ह्याच ग्रंथातला.) पुढे बहमनी आली, आदिलशाही आली, नळदुर्गाचा किल्ला उभा राहिला, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शिककबाब ह्या वाटेने आमच्याकडे कितीतरी आधी पोचला आहे.

तंदुरी कोंबडीची कहाणी त्या मानाने अगदी अलीकडची. तंदूर हा मुळात भाकरीचा, म्हणजे रोटीचा, मातीचा रांजण. त्यात कोंबडी लटकवून भाजण्याची चाल पेशावरकडची, आणि ती दिल्लीत रुजवली फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी. १९४७ साली दर्यागंजात निघालेल्या ‘मोती महल’ने आणि त्यातल्या कुंदनलाल गुजराल ह्यांच्या नावाने ती देशभर गेली. लोणीदार कोंबडी प्रथम कोणी केली ह्यावर दोन घराण्यांचे वारस २०२४ च्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयात भांडताना दिसले. ज्या पदार्थाच्या पितृत्वासाठी माणसे कोर्टाची पायरी चढतात तो पदार्थ हलका नव्हे. घरदार गमावलेल्या माणसांनी मातीच्या एका रांजणाच्या बळावर संसार उभे केले, ही त्याच्यामागची खरी प्रतिष्ठा आहे. तेव्हा आमची तक्रार पंजाबी पदार्थाविरुद्ध नाही. तो पदार्थ नीट केला गेला नाही, अशी आहे.

ह्या कलेत आगीचे काम काय ते पाहिले पाहिजे. तंदूर तापायला दीड-दोन तास लागतात. कोळसा पेटून, ज्वाळा विरून, मातीच्या भिंती आतून पांढुरक्या झाल्या की मग तो खरा तयार. दह्यात मुरलेली कोंबडी सळईवर उभी आत जाते. चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, तिचा धूर उठतो आणि तो धूरच परत मांसाला लागतो. मधे एकदा बाहेर काढून, थोडे थंडावू देऊन, लोणी लावून पुन्हा आत सोडतात. सारी खुबी ह्या दोन फेऱ्यांत आहे. हे काम घाईने होत नाही, आणि थंड भट्टीत तर मुळीच होत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. भट्टी दर्शनी भागात काचेआड मांडलेली, तांब्याच्या पत्र्याने मढवलेली, दिसायला देखणी. तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता. नाटकाच्या पडद्याआडून पहिल्या अंकाआधीच हातोड्याचे आवाज यावेत तसा हा अपशकुन होता. पण पोरे आत जाऊन बसली होती.

पदार्थपत्रिका हे पुस्तकच होते. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, आणि सोळा पानांत पंजाब, चीन, मद्रास, इटली आणि कोल्हापूर. एका स्वयंपाकघरातून पाच मुलखांचे पदार्थ निघतात तेव्हा त्यांतला एकही तिथे शिजत नसतो. तिथे फक्त जुळवाजुळव होते. लाल रस्सा, पिवळा रस्सा आणि पांढरा रस्सा अशी तीन पातेली सकाळीच तयार असतात आणि आत काय पडेल त्यावरून नाव ठरते. आम्ही भाजीव पदार्थांवर भर दिला, कारण पाटीवर त्याचेच अभिवचन होते.

प्रथम टेबलावर एक छोटी लोखंडी शेगडी आणून ठेवण्यात आली. मुले हरखली. तिच्यात चार निखारे होते, तेही राखेने झाकलेले. त्यांवर पनीरचे आणि कोंबडीचे तुकडे लावलेल्या सळया आडव्या ठेवून पोऱ्या निघून गेला. दहा मिनिटे आम्ही त्या सळया श्रद्धेने फिरवल्या. पुतण्याने फुंकर घातली, राख उडाली आणि धाकट्या भावजयीच्या साडीवर बसली. मग ध्यानात आले की तुकडे आतून आधीच शिजवून आणलेले आहेत आणि शेगडी ही केवळ नेपथ्य आहे. त्याच सुमारास शेजारच्या टेबलावर तापल्या तव्याची बशी चर्र करत गेली, आणि वाढणाऱ्याने ती दारातून बाहेर येताना तिच्यावर वाटीभर पाणी ओतले हे मी स्वतः पाहिले. तो चर्र आवाज पाण्याचा होता.

कोंबडी लालभडक होती. तिखटाने मांस इतके लाल होत नाही. काश्मिरी मिरचीचा रंग विटकरीकडे झुकतो, हा कुंकवाकडे झुकत होता. जेवण झाल्यावर दोनदा साबण लावूनही मुलांची बोटे लालच राहिली. कर्नाटक सरकारने २०२४ च्या जून महिन्यात कबाबांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. कर्नाटकाची हद्द इथून गाडीने फार लांब नाही, पण हे शहाणपण अजून ह्या रस्त्याला लागलेले दिसले नाही. रंगाखाली आंबटपणा होता, तो दह्याचा नव्हे, लिंबूसत्त्वाचा. दही मांसात शिरते, हा वरच बसून होता. आणि हाडाजवळचा भाग गार. वरून पोळणारी आणि आतून गार कोंबडी म्हणजे सकाळी अर्धी भाजून शीतकपाटात ठेवलेली आणि गिऱ्हाईक आल्यावर गॅसवर चटके दिलेली कोंबडी. धुराचा वास तिला कुठून असणार? धूर काय तो आमच्या शेगडीतल्या राखेला होता.

शिककबाबाविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सोलापुरात विजापूर वेशीकडे रमजानच्या महिन्यात रस्त्याच्या कडेला जे शिक भाजले जातात ते खाल्लेल्या माणसाने हा पदार्थ मागवू नये. पनीर रबरी. त्याच्यामध्ये खोवलेली ढोबळी मिरची कच्ची. रोट्या मात्र चांगल्या होत्या, असे आमच्या बंधूंचे मत पडले. मला ते अर्धेच मान्य आहे, कारण आठ रोट्या एकदम टोपलीत आल्या, आणि तंदुरी रोटीचे आयुष्य पाच मिनिटांचे असते. पहिल्या दोन खुसखुशीत, नंतरच्या चामड्याच्या. सारस्वत जसे भातावर गरम सार येण्याची वाट पाहतात तसे रोटी एकेक करून येण्याची वाट पाहणे हा त्या जेवणाचा शिष्टाचार आहे, आणि तो वाढणाऱ्याने पाळायचा असतो.

इथवर सारे हसण्यावारी नेता येण्याजोगे. पण दोन गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत.

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, माळकरी आहेत. चाळीस वर्षे गळ्यात तुळशीची माळ आहे आणि पंढरीची वारी चुकलेली नाही. घरातल्या बाकीच्यांच्या मांसाहाराला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. आपले ताट तेवढे वेगळे असावे, इतकीच त्यांची अट. त्यांनी पनीर मागवले होते. दुसऱ्या खेपेला सळया आल्या तेव्हा पोऱ्याने एकाच चिमट्याने कोंबडी उचलली, त्याच चिमट्याने आबांच्या बशीत पनीर सोडले, आणि एकाच कुंच्याने दोन्हींवर लोणी फिरवले. आबा काही बोलले नाहीत. बशी जरा पुढे सरकवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, “मला दहीभात सांगा. भूक नाही फारशी.” दुकानातल्या बांधीव डब्यावर हिरवा ठिपका छापल्याशिवाय तो विकता येत नाही, ताटाला मात्र ठिपका नसतो, तिथे वाढणाऱ्याच्या हातावर विश्वास ठेवावा लागतो. चिमटा ही काही शेकडो रुपयांची वस्तू नव्हे. दुसरा चिमटा ठेवायला पैसे लागत नाहीत, समोर कोण बसले आहे ह्याची आठवण लागते. पंढरपूर आणि तुळजापूर ह्या दोन क्षेत्रांच्या मुलखात बसून ही आठवण न ठेवणे हा माझ्या मते त्या दुपारचा सर्वांत मोठा दोष होता, लाल रंगापेक्षाही मोठा.

दुसरी गोष्ट मातोश्रींची. पुतण्याने विचारले, “आजी, तू काय घेणार?” त्यांनी पत्रिका उलटीसुलटी पाहिली आणि पोऱ्याला विचारले, “बाळा, भाकरी आहे का रे?”

“रोटी आहे, नान आहे, कुलचा आहे, आजी.”

“ते चावत नाही मला. ज्वारीची भाकरी अन् वरण असलं तर बघ.”

भाकरी नव्हती. खिडकीबाहेर, हातभर अंतरावर ज्वारी उभी होती, कणसांत दाणा भरत आलेली. जिल्ह्याच्या ह्या टोकापासून मंगळवेढ्यापर्यंत शाळूचा पट्टा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तर आता परदेशी जाणाऱ्यांच्या सामानातून समुद्रापार जाते. आणि इथे, ज्वारीच्या कुशीत, एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मैद्याच्या तीन जाती सांगण्यात आल्या. वरणाच्या नावाने जे आले ते फोडणीचे पिवळे पाणी होते. शेजारच्या लातूर जिल्ह्यात तुरीच्या डाळीचा एवढा मोठा व्यापार चालतो, तिथली दोन मुठी डाळ जास्त पडली असती तर मालकाचे दिवाळे निघाले नसते. मातोश्रींनी त्यात भात कालवून खाल्ला. पुतण्या त्यांच्याकडे पाहत होता आणि आपल्या बशीतली कोंबडी नुसतीच इकडेतिकडे करत होता.

हात धुवायला मागच्या बाजूला गेलो तेव्हा भांडी घासणारी बाई चुलीवर भाकऱ्या थापत होती. पितळीत पिठले. विचारले तर म्हणाली, “पोरांचं जेवण हाय. कामावरची पोरं रोटी खात न्हाईत, पोट दुखतं त्यांचं.” भाकरी टम्म फुगलेली होती. मी एक मागून आणली असती. पण तोवर मातोश्रींनी हात धुतले होते.

मालकाला झोडून हा विषय संपत नाही. त्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. ह्या रस्त्यावर आंध्राची, कर्नाटकाची, खानदेशाची गाडी थांबते. प्रत्येकाला ओळखीचे काहीतरी हवे असते, आणि देशभर ओळखीचे झालेले जेवण म्हणजे रोटी, पनीर आणि लाल रस्सा. दर्शनाला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला झुंबड, मधल्या वारी शुकशुकाट. भट्टी दिवसभर धगधगती ठेवायची तर कोळसा जळत राहतो आणि गिऱ्हाईक नसते. म्हणून अर्धे भाजून ठेवणे आले. सहा आठवड्यांत तयार होणारी ब्रॉयलर कोंबडी स्वस्त आणि एकसारखी मिळते. उलट ह्या जिल्ह्याच्या नावाने जी शेळीची जात भारतभर ओळखली जाते ती उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलून धाराशिव झाले, शेळीचे राहिले) काटक, काळी, माळावर चरणारी; तिचे मांस चवीला उत्तम, पण कमी चरबीचे. ते मंद आचेवर, रश्श्यात, वेळ देऊन शिजवावे लागते. सळईवर घालायचे तर खिमा कुटून, नाहीतर कच्ची पपई लावून मुरवून. म्हणजे जाणकार हात हवा. असा हात जिल्ह्यात नाही असे नाही. कंदुरीच्या जेवणाला गावोगाव जी माणसे हंडा चढवतात त्यांच्या रश्श्यापुढे त्या सोळा पानांतले एकही पान टिकणार नाही. पण त्यांना काचेआड उभे करून पांढरी टोपी घालायचे कोणाला सुचत नाही.

आणि भाजण्याचीच हौस असेल तर ह्या मातीची स्वतःची भट्टी आहेच. पौष-माघात शेताच्या कडेला आगटी खणतात, शेणाच्या गोवऱ्या पेटवतात, हिरवी कणसे निखाऱ्यात खुपसतात आणि गरम गरम तळहातावर चोळून हुरडा पुढ्यात टाकतात. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. हरभऱ्याचा हावळा तसाच. वांगे त्याच निखाऱ्यात. ह्यात भाजणाऱ्याचे कौशल्य तंदूरवाल्याइतकेच लागते: कणीस एक क्षण जास्त राहिले तर दाणा करपतो, एक क्षण आधी निघाले तर चीक राहतो. माळकऱ्याला चालते, लहान मुलांना आवडते, आणि कोवळा दाणा म्हाताऱ्यांनाही चावतो. त्या भोजनगृहाच्या कुंपणाला लागून शेत होते, आणि महिना पौषाचा होता.

ह्याच रस्त्यावर दरवर्षी कोजागरीला सोलापूरकडून हजारो माणसे रात्रभर तुळजापूरला पायी जातात. त्या रात्री गावोगावची मंडळी रस्त्याच्या कडेला चुली मांडून चहा, फराळ, कुठे गरम खिचडी वाटतात, आणि कोणाला काय चालते, कोणाचा उपास आहे, हे प्रत्येकाला विचारून वाढतात. हे लोक हौशी, धंदेवाईक नव्हेत. हौशी रंगमंडळींनी धंदेवाईकांना लाजवावे असे प्रसंग मराठी नाटकातही घडले आहेत.

न्यायाने सांगायचे तर जागा स्वच्छ होती, पाणी गार होते, मोसंबीचा रस ताजा होता. पोऱ्या, वय अठरा-एकोणीस, बोलायला गोड. मातोश्रींना त्याने दोनदा गरम पाणी आणून दिले, ते कोणत्याही पत्रिकेत छापलेले नव्हते. कांदा-लिंबाची बशी सढळ. बिल चार आकडी झाले आणि पुतण्याने ते कोणालाही न दाखवता दिले. बिलासोबत अभिप्रायाचा कागद आला : चव, सेवा, स्वच्छता, आणि प्रत्येकापुढे तीन चेहरे, हसरा, मधला आणि रडका. आमच्या सर्वांत धाकट्या नातीने तिन्हीकडे हसऱ्यावर फुली मारली, कारण तिला शेगडी आवडली होती. आबांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला, आणि खाली मोकळ्या जागेत बारीक मोडी वळणाच्या अक्षरात ‘चिमटे दोन असावेत’ एवढे लिहून पोऱ्याच्या हाती दिला.